चौकात पाच जण उभे राहिले तर?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की पेपरात आतल्या पानावर चार बोटं जागेत जो मनाई आदेश छापून येतो तो कोणी वाचत नाही, आणि खरं म्हणजे गावाची अर्धी गोष्ट त्यातच असते. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय, भाडेकरूंबद्दल आणि सोसायटीच्या पार्किंगबद्दल प्रश्न पाठवलेल्यांनी महिनाभर दम धरा. मी आता वकिली करतो पण त्याआधी बरीच वर्षं पथनाट्यं केलीत, त्यामुळे उत्तरं कधी कोटातली वाटतील कधी डफासकट, चालवून घ्या. आणि हा तुमच्या केसवरचा सल्ला नाही, केस असेल तर कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जा.

प्रश्न : काका, आम्ही मास मीडियाच्या सेकंड इयरचे पाच जण. प्रोजेक्टला विषय घेतलाय ‘शहरात एकत्र उभं राहणं’. आयडिया अशी की नाशकात रोज संध्याकाळी वेगळ्या ठिकाणी, कॉलेज रोड, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, शालिमार, गंगेवर म्हणजे गोदाघाटावर, हातात कोरा बोर्ड घेऊन पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि काय काय होतं ते लिहून काढायचं. एकाचे पप्पा म्हणाले पाच जण उभे राहिले की १४४ लागतं, चौघंच जा. खरंय का? आणि आणखी काही भन्नाट करता येईल का?
– पाच जण, कॉलेज रोड

उत्तर : आधी पप्पांना सांगा की १४४ रिटायर झालं. १ जुलै २०२४ पासून जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा गेला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात जमावबंदीसारखे मनाई आदेश काढायचं तेच काम आता कलम १६३ करतं. नाव बदललं, काम तेच. आणि ते काही आपोआप ‘लागत’ नाही, कोणीतरी अधिकारी लेखी आदेश काढतो तेव्हा लागू होतं, साधारणपणे दोन महिन्यांच्या वर चालत नाही, त्यापुढे राज्य सरकार वाढवू शकतं तेही आणखी सहा महिन्यांपर्यंतच.

आता पाचचा आकडा. तो येतो बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येतून, पूर्वी भारतीय दंड विधानात १४१ होतं आता भारतीय न्याय संहितेत १८९. पण तिथे नुसते पाच जण पुरत नाहीत, पाच किंवा जास्त माणसं अधिक सगळ्यांचा मिळून काहीतरी बेकायदा उद्देश, म्हणजे जबरदस्ती, नासधूस, सरकारी कामाला धाकदपटशा असं काही. नाहीतर रविवारी सकाळी मिसळीसाठी टोकन घेऊन उभे असलेले पन्नास जण कधीच आत गेले असते, त्यांचा उद्देश तर किती एकजुटीचा असतो.

नाशकात तुम्हाला खरा भेटणारा कायदा तिसराच आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश बहुतेक वेळा याच्याखाली निघतो, आणि त्यात पाच किंवा जास्त लोकांनी जमणं, विनापरवानगी सभा-मिरवणूक हे बंद असं लिहिलेलं असतं, म्हणजे पप्पांचा आकडा अगदीच हवेतला नाही, फक्त त्यांनी कायदा चुकीचा सांगितला. या कलमाच्या पोटकलम ३ मध्ये एक अट आहे, राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय अशी जमावबंदी पंधरा दिवसांच्या वर ठेवता येत नाही. म्हणून तर पेपरात दर पंधरवड्याला तोच आदेश नव्या तारखा घालून येतो, कारणं तेवढी बदलतात, कधी सण, कधी जयंती, कधी निवडणूक, कधी नुसतंच संभाव्य आंदोलनं.

तर तुमचा पहिला खेळ हा. दोन महिने मनाई आदेशाची कात्रणं कापा, वहीत तारखेने चिकटवा, कारणांना रंग द्या, सणाला पिवळा, मोर्चाला लाल, निवडणुकीला निळा. भिंतीवर लावलंत की तुमच्या शहराचं एक वेगळंच कॅलेंडर दिसेल, आणि ते बनवायला कोणाची परमिशन लागत नाही. सोबत एक वाक्य लिहून ठेवा, जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने अनुराधा भसीन खटल्यात १४४ बद्दल म्हटलंय की असे आदेश कारणांसकट प्रसिद्ध करायला हवेत, रास्त मतप्रदर्शन दाबायला वापरता येत नाहीत, आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर होतो. मग तुमच्या भिंतीकडे परत बघा.

दुसरा खेळ माझा लाडका. कलम ३७ च्या पोटकलम १ मध्ये काय काय बंद करता येतं त्याची यादी आहे. लाठ्याकाठ्या, दगड, स्फोटकं हे कळतं. पण पुढे वाचा, माणसं, प्रेतं किंवा त्यांचे पुतळे दाखवणं, जाहीर घोषणा, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं, आवेशाची भाषणं, हावभाव, नकला, चित्रं, चिन्हं, फलक. अहो ही तर नाटकवाल्याच्या पेटीतल्या सामानाची यादी झाली. कायदा करणाऱ्यांना माणसं काय काय करून विरोध करतात हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं असं मला कायम वाटत आलंय. तर कॉलेजच्या हॉलमध्ये ही यादी एकाने शांतपणे वाचायची आणि बाकी चौघांनी एकेक गोष्ट करून दाखवायची, गाणं आलं की गायचं, नक्कल आली की नक्कल, फलक आला की तुमचा तो कोरा बोर्ड. दहा मिनिटांचा प्रयोग होतो. शेवटचे शब्द मात्र गाळू नका, यातल्या भाषणं-नकला-फलकांना पुढे एक शेपूट आहे, सभ्यता-नीतीला धक्का किंवा राज्याच्या सुरक्षेला धोका ‘असं त्या अधिकाऱ्याच्या मते’ असेल तर. ‘मते’ या शब्दावर थांबा, हॉलमधले लोक हसायचे बंद होतात की नाही बघा.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. आम्ही एकदा चौकात रेशनवरचं नाटक करत होतो, डफ वाजला, गर्दी जमली, आणि आम्ही सगळे थेट पोलिसांच्या पिंजरागाडीत. दोन तास बाकावर बसवलं, चहा पाजला, नाव-गाव लिहून घेतलं आणि सोडलं. त्या दिवशी कळलं की याला याच पोलीस अधिनियमाचं कलम ६८-६९ म्हणतात, पोलिसांची वाजवी सूचना पाळली नाही की ते तुम्हाला हटवू शकतात, थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडू शकतात. तुम्ही पेपरात वाचता ना, ‘आंदोलकांना ताब्यात घेऊन नंतर सोडून देण्यात आलं’, तेच हे. जमादार जाताना म्हणाले, नाटक चांगलंय पण डफ जरा हळू वाजवत जा.

तिसरा खेळ पायाचा. सीबीएसपासून कलेक्टर ऑफिसपर्यंतचा तुकडा घ्या, नाशकातला निम्मा राग याच रस्त्यावर येऊन बसतो. चालत नकाशा काढा, पण गुगलवाला नाही. बॅरिकेड कुठे लावतात, ठिय्या दिला तर सावली किती वाजेपर्यंत टिकते, पिण्याचं पाणी कुठे, बायकांसाठी संडास कुठे आणि तो उघडा असतो का. आंदोलन किती तास टिकणार हे घोषणेपेक्षा संडासावर ठरतं, कुठल्याही मोर्चातल्या बाईला विचारा. मग आवाजाचा नकाशा. कलेक्टर ऑफिसला लागूनच जिल्हा न्यायालय आहे, आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम म्हणतात की कोर्ट, दवाखाना, शाळा-कॉलेज यांच्याभोवती निदान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, म्हणजे दोन माणसं बाकावर हळू आवाजात गप्पा मारतील एवढा आवाज. दोरी घेऊन १०० मीटर मोजा आणि बघा निवेदन द्यायची जागा त्या वर्तुळात येते का, आणि ते क्षेत्र जाहीर झालंय का हे पोलिसांना अर्ज करून विचारा. जिथे गाऱ्हाणं सांगायचं तिथेच मोठ्याने बोलायचं नाही, यावर नाटक नाही सुचलं तर कोर्स बदला.

आता कोऱ्या बोर्डाचं. उभे राहा, पण आदेश चालू आहे का ते आधी बघा, आणि संबंधित पोलीस ठाण्यात एक साधं पत्र देऊन ठेवा की आम्ही विद्यार्थी, अमुक प्रोजेक्ट, इतके जण, इतका वेळ, कॉलेजचं पत्र सोबत. चौघांनी जा आणि पाचव्याने समोरच्या फुटपाथवरून नोंदी घ्या हेही चालेल, आणि मग पाचवा रस्ता ओलांडून आला की लोकांच्या नजरेत काय बदलतं ते लिहा, कदाचित प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच निघेल. साध्या कपड्यातला एखादा माणूस येऊन गोड आवाजात विचारेल किती जण येणार आहेत, कुठले आहात, तो गोपनीय शाखेचा असतो, घाबरू नका, खरं सांगा, त्याचं कामच ते आहे. ड्रोन मात्र उडवू नका, त्याच्या परवानग्या वेगळ्या आणि भानगडी त्याहून वेगळ्या.

प्रश्न : भाऊ, आमच्या भागात पंधरा दिवस झाले पाणी धड येत नाही. आम्ही बायका हंडा मोर्चा काढणार होतो महापालिकेवर, तर एक जण म्हणाला परमिशन नसेल तर सगळ्यांवर गुन्हा पडेल, त्यापेक्षा भजन करा, भजनाला कोणी अडवत नाही. खरं आहे का? आणि अंधार पडल्यावर पोलीस बायकांना नेत नाहीत म्हणे.
– सिडकोतून एक ताई

उत्तर : ताई, भजनाला अडवत नाहीत हे देवळात. महापालिकेच्या गेटवर टाळ घेऊन बसलात की पोलीस टाळ बघत नाहीत, तुम्ही कशासाठी बसलात ते बघतात. भजन, जागरण-गोंधळ, घंटानाद, बोंबाबोंब, खड्ड्यात झाड लावणं, हे सगळे आपल्याकडचे जुने हुकमी प्रकार, पण ते परवानगी चुकवायचे मार्ग नाहीत, लक्ष वेधायचे आहेत. १९७२-७३ च्या महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या, त्यात लाटणं काही कायद्यातून सुटायला नव्हतं, प्रत्येक घरात ते होतं म्हणून होतं. तुमचा हंडा तसाच आहे, तो सोडू नका.

परवानगीचं एवढं दडपण घेऊ नका. आपण जमणं हा मुळात हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये शांततेने आणि बिनहत्यारी जमायचा अधिकार लिहिलेला आहे, सरकार त्यावर वाजवी बंधनं घालू शकतं एवढंच. हिंमतलाल शहा नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण मनाला येईल तसं सरसकट नाही म्हणता येणार नाही, आणि गंमत म्हणजे तो अहमदाबादचा खटला आपल्याच या जुन्या मुंबई पोलीस कायद्याखालचा होता. त्यामुळे तुम्ही भीक मागायला जात नाही, कळवायला आणि ठरवायला जाताय.

साध्या कागदावर अर्ज लिहा, तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्या आणि जिथे मोर्चा पोचणार त्या ठाण्यालाही प्रत द्या. तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, रस्ता कुठला, अंदाजे किती बायका, आयोजक म्हणून दोघी-तिघींची नावं आणि फोन, आत निवेदन द्यायला कोण पाच जणी जाणार. स्पीकर हवा असेल तर ते वेगळं लिहा, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंदच असतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. ही पोच म्हणजे तुमचं रेशनकार्ड समजा, हरवायची नाही. नाही म्हणाले तर म्हणा, साहेब कारण लिहून द्या. तोंडी ‘नाही’ला कोर्टात काही किंमत नसते, लेखी ‘नाही’ला असते. २०२० मध्ये बीड जिल्ह्यात धरणं धरू पाहणाऱ्यांना मनाई आदेश दाखवून परवानगी नाकारली, ते औरंगाबाद खंडपीठात गेले आणि कोर्टाने तो आदेशच रद्द केला, वर म्हटलं की एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही. पण त्यांच्याकडे दाखवायला कागद होता.

मोर्चाच्या आधी घरी नोटीस येऊ शकते, पूर्वी लोक तिला १४९ ची नोटीस म्हणायचे, आता नव्या संहितेत ते १६८ झालंय. ती म्हणजे गुन्हा नव्हे, आधीच दिलेली समज. आणि मनाई आदेश मोडला म्हणून नव्या न्याय संहितेतलं कलम २२३ लागू शकतं, त्यात साध्या प्रकरणात दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणून म्हणतोय अर्ज करा.

अंधाराचं अर्धं खरं आहे. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची तर तसंच अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. पण ही ढाल अटकेपुरती आहे, रात्री रस्ता अडवून बसायचा पास नाही.

आणि एक सुचवू का. बायका चाळीस आणि हंडे दोनशे न्या. प्रत्येक हंड्यावर खडूने गल्लीचं नाव आणि पाणी शेवटचं कधी आलं ती तारीख. महापालिकेच्या बाहेर ठरवून दिलेल्या जागेत, फुटपाथ मोकळा सोडून, हंड्यांची रांग लावा आणि तुम्ही सावलीत बसा. पाच माणसांचा जमाव होतो, पाच हंड्यांचा होत नाही. रस्त्यावर लावलेत तर मात्र न्याय संहितेतलं वाट अडवल्याचं कलम २८५ आहे आणि दंड पाच हजारांपर्यंत, तेवढ्यात एक टँकर येतो.

प्रश्न : मॉलमध्ये फ्लॅश मॉब करून शेतकऱ्यांच्या प्रश्नावर रील बनवायचा विचार आहे, तिथे पोलीस परमिशन लागत नाही ना? प्रायव्हेट जागा आहे.
– गंगापूर रोड

उत्तर : प्रायव्हेट आहे म्हणूनच मालकाची लागते. तो म्हणाला बाहेर व्हा की बाहेर व्हायचं, तिथे घटनेचं कलम १९ फारसं कामाला येत नाही. आणि शेतकऱ्यांचा प्रश्न एसीत नाचून, जाऊ दे.

प्रश्न : माझं मेनरोडला दुकान आहे. तुमच्या लिखाणात मोर्चेवाल्यांचं कायम कौतुक असतं. मोर्चा निघाला की आमचं गिऱ्हाईक बोहारपट्टीतच अडकतं, धंदा बसतो, अँब्युलन्स थांबते. यावरही कधी लिहा. (मी आमच्या गणेश मंडळाचा माजी अध्यक्ष आहे, शिस्त म्हणजे काय मला माहितीये.)
– एक व्यापारी

उत्तर : अध्यक्षसाहेब, तक्रार रास्त आहे आणि कोर्टही तुमच्या बाजूचं बरंच बोललंय. शाहीनबाग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विरोध करा, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून नाही, त्यासाठी ठरलेल्या जागा असाव्यात. मात्र त्याच कोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरबद्दल म्हटलं होतं की रहिवाशांचा त्रास खरा असला तरी सरसकट बंदी हा उपाय नाही, तोल सांभाळून नियम करा. म्हणजे तुम्हीही बरोबर, तेही बरोबर, आता रस्ता कसा वाटून घ्यायचा ते बोला.

आणि वाटून घेणं आपल्याला येत नाही असं नाही. रंगपंचमीला शनी चौकात, तिवंध्यात, दिल्ली दरवाजाला भर रस्त्यातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला जुना हौद, आपण उघडतो, बारा महिने ज्याच्यावरून गाड्या जातात तिथे त्या दिवशी पोरं धप्पा मारतात, आणि गावाला माहीत असतं आज इकडून जायचं नाही. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, तेव्हाही आपण वळसा घालतो. तुमच्या मिरवणुकीचा अर्ज ज्या टेबलावर जातो त्याच टेबलावर मोर्चाचाही जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग एकाला वळसा आणि दुसऱ्याला शिव्या का, एवढंच विचारतो, भांडत नाहीये.

मोर्चेवालेही रस्ता कसा वाटतात ते आपल्या नाशिककरांनीच दाखवलंय. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च आपल्या सीबीएसवरून निघाला, साधारण १८० किलोमीटर पायी, पायाला फोड, कित्येकांच्या चपला झिजून गेलेल्या. ११ तारखेला सोमय्या मैदानावर मुक्काम होता, सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं ठरलेलं. पण १२ ला दहावीचा पेपर होता. आपल्यामुळे पोरांची गाडी चुकायला नको म्हणून ही हजारो दमलेली माणसं झोप सोडून रात्रीच चालत निघाली आणि पहाटे आझाद मैदानात पोचली. मुंबईकर पाणी, खाऊ, चपला घेऊन रस्त्यावर का आले होते, नुसत्या मागण्यांसाठी नव्हे. मला विचाराल तर त्या मार्चमधली सगळ्यात मोठी घोषणा ती शांत रात्रच होती. २०१६ च्या सप्टेंबरमधला इथला मराठा क्रांती मूक मोर्चाही आठवा, एवढा समुदाय आणि घोषणा नाही.

गर्दीचे नियम नुसते तोंड बंद करायला नसतात हेही कबूल. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थ, गंगेकडे उतरणारा अरुंद रस्ता, चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली. तेव्हा ना कोणी घोषणा देत होतं ना कोणी कोणाच्या विरोधात होतं. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, त्यामुळे रस्त्याची रुंदी, बाहेर पडायची वाट, कोण कुठून येणार हे विचारणाऱ्या पीआय साहेबांवर मी उगाच चिडत नाही. चिडतो ते रुंदी सोडून घोषणा काय देणार ते विचारतात तेव्हा.

प्रश्न : लहानपणापासून काळाराम सत्याग्रहाबद्दल ऐकत आलोय. त्या लोकांनी परवानगी घेतली होती का? आणि आज नातवंडांना ते दाखवायचं तर कुठून सुरुवात करू?
– पंचवटीतले आजोबा

उत्तर : बाबा, तुमच्याच दारातली गोष्ट आहे आणि मी सांगायची म्हणजे जरा अवघड. २ मार्च १९३०, डॉ. आंबेडकर स्वतः होते, दादासाहेब गायकवाड होते, देवळात जायला बंदी असलेल्या हजारो दलितांची मिरवणूक शिस्तीत काळाराम देवळाकडे आली तर दरवाजे बंद. मला यात सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. मिरवणूक दरवाजा फोडायला गेली नाही आणि घरीही गेली नाही, वळून गंगेच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी आली, १२५ पुरुष आणि २५ बायका, आणि देवळाच्या चारही दरवाज्यांवर बसली. आत जायची बंदी आहे ना, मग दार उघडलं की आम्ही इथेच आहोत. पुढे रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली, लोक जखमी झाले, तुरुंगात गेले, तरी लढा १९३५ पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

परवानगीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ज्याच्याकडे परवानगी मागायची तोच दार लावून बसला होता. अशा वेळी त्यांनी दोन गोष्टी धरून ठेवल्या, शिस्त आणि जागा. नातवंडांना नेताना आत दर्शनाला आधी नेऊ नका. आधी बाहेरून चारही दरवाजे फिरवा, प्रत्येक दरवाजासमोर पाच मिनिटं नुसतं बसवा, उन्हात. कोण येतं, कोण जातं, आपल्याकडे कोण कसं बघतं ते विचारा. मग चालत घाटावर. किती वेळ लागला ते मोजायला सांगा, हजारो माणसं असतील तर किती लागेल तेही. मग आत.

प्रश्न : सर, मी सातपूरला शिक्षिका आहे, आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. मूलभूत हक्कांचा धडा मुलं पाठ करतात, १९ म्हटलं की सहा स्वातंत्र्यं धडाधड म्हणतात, पण कळत काही नाही. मोर्चा वगैरे विषय शाळेत काढला की पालक बिचकतात. काही खेळ आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : आहे, आणि मोर्चा हा शब्दही काढावा लागणार नाही. मैदानावर फक्कीने बारा फुटी रस्ता आखा, दोन्ही बाजूंना फुटपाथ. चिठ्ठ्या करा, भाजीवाली, अँब्युलन्स, लग्नाची वरात, शाळेत निघालेली मुलं, पाणी मागायला निघालेली गल्ली, व्हीलचेअरवरचे आजोबा, दुकानदार, आणि दोन वाहतूक पोलीस. चाळीस पोरांना वाटून टाका.

पहिली फेरी, नियम नाही. दोन मिनिटांत चेंदामेंदा होईल, होऊ द्या, फक्त ढकलाढकली नको. दुसरी फेरी, पोलिसांना पूर्ण अधिकार, हवं त्याला थांबवा. यात बघा, दहापैकी आठ वेळा ते वरातीला जाऊ देतात आणि गल्लीला थांबवतात, मी तीन शाळांत बघितलंय, कोणी शिकवलेलं नसतं. थांबा आणि विचारा, का. तिसरी फेरी, मुलांनीच नियम लिहायचे पण अट एकच, नियमात कोण कशासाठी चाललंय हे लिहायचं नाही. फक्त कधी, कुठून, किती जण, किती आवाज. इथे वेळ द्या, एक अख्खा तास जाऊ द्या. भाजीवालीच्या चिठ्ठीवाली मुलगी बहुतेक वेळा सगळ्यात चांगला नियम सांगते, कारण तिला हलता येत नाही. चौथ्या फेरीत त्यांचेच नियम लावून खेळा आणि मध्येच काही न सांगता अँब्युलन्स सोडा.

पालक विचारायला आले तर सांगा वाहतुकीचे नियम शिकवतेय, ते खोटं नाहीये. आणि फक्की पावसाआधी आखा, आमची एकदा रस्त्यासकट वाहून गेली होती. मुलांनी काय नियम लिहिले ते मला पाठवा, पुढच्या महिन्यात भाडेकरूंच्या आधी ते छापू.